उघड्या खडीचे कोडे : डांबरी रस्ता आणि पाण्याची परीक्षा #थ्रेड

१/ पावसाळा ओसरला की उखडलेल्या रस्त्याच्या कडेला सुटी खडी साचलेली दिसते. त्यातला एखादा खडा उचलून पाहिला, तर पुष्कळदा तो धुतल्यासारखा स्वच्छ असतो. त्यावर डांबराचा थर नसतो, डागही नसतो. खडा फुटलेला नसतो, झिजलेलाही नसतो. त्याला धरून ठेवणारे डांबर तेवढे त्याला सोडून गेलेले असते.

२/ रस्ते-अभियांत्रिकीत या प्रकाराला ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात. रस्ता बांधण्याआधीच हे ओळखता येईल का, हा प्रश्न अभियंत्यांना शतकाहून अधिक काळ छळतो आहे. त्याच्या उत्तरासाठी डांबर फासलेली खडी पाण्यात बुडवली गेली, सोड्यात उकळली गेली, बर्फाहून थंड तापमानात गोठवली गेली, पोलादी चाकाखाली रगडली गेली. त्या चाचण्यांचा हा इतिहास. प्रत्येक चाचणीमागे पाणी रस्त्याचे नेमके काय करते याविषयीची एक समजूत दडलेली होती, आणि ती समजूत दर काही दशकांनी बदलत गेली.

३/ आधी शब्दाचा खुलासा. मराठीत आपण ‘डांबर’ सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निराळे पदार्थ येतात. एक दगडी कोळशापासून निघणारे टार. दुसरे बिटुमेन, जे काही ठिकाणी निसर्गतः सापडते आणि आज मुख्यतः खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. या थ्रेडमध्ये डांबर म्हणजे बिटुमेन.

४/ अमेरिकेतल्या शहरी डांबरी रस्त्याची गोष्ट साधारणतः १८७० पासून सांगितली जाते. बेल्जियमहून आलेले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड डी स्मेट यांनी त्या वर्षी न्यू जर्सीतील नेवार्क शहरात, नगरभवनासमोर, डांबर-वाळूच्या मिश्रणाचा थर घातला. १८७६ मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर त्रिनिदादच्या प्रसिद्ध डांबर-तलावातून आणलेला माल वापरला गेला. या कामाने डांबराला राजमान्यता मिळाली आणि पाठोपाठ एक मोठा व्यापारही उभा राहिला.

५/ पाण्याची तक्रारही तेव्हापासूनची. गटाराकाठी, जिथे पाणी तुंबून राही, तिथला थर आधी कुजतो हे लोकांच्या लक्षात येत होते. क्लिफर्ड रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञाच्या १९०५ च्या ‘द मॉडर्न अ‍ॅस्फाल्ट पेव्हमेंट’ या ग्रंथात पाण्याच्या परिणामाची चर्चा आहे. मात्र ती वाचताना एक गोष्ट विसरू नये. रिचर्डसन आधी वॉशिंग्टनच्या सरकारी सेवेत निरीक्षक होते. नंतर ते बार्बर कंपनीकडे गेले, आणि त्रिनिदादच्या डांबराचा व्यापार याच कंपनीच्या हाती होता. कोणते डांबर पाण्यात टिकते हा प्रश्न जन्मापासूनच केवळ शास्त्रीय नव्हता.

६/ ते जुने रस्ते मुख्यतः वाळूचे, बारीक कणांचे आणि घट्ट. मोटारगाड्या वाढल्या तशी मिश्रणात मोठी खडी आली. प्रत्येक खड्यावर डांबराचा पातळ पापुद्रा आणि खड्यांमध्ये सूक्ष्म पोकळ्या, अशी आजची रचना रूढ झाली. या रचनेत पाण्याला शिरायला वाट मिळाली.

७/ येथे थोडे रसायन अपरिहार्य आहे. ओल्या भिंतीला रंग धरत नाही, तसे ओल्या दगडाला डांबर धरत नाही. पण कोरड्या दगडाला चिकटलेले डांबरसुद्धा पाणी हळूहळू ढकलून बाजूला करू शकते. कारण बहुतेक दगडांच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट अशा सिलिकायुक्त दगडांत ही ओढ प्रबळ, तर चुनखडीच्या दगडात बरीच कमी. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, रासायनिकदृष्ट्या ग्रॅनाइटपेक्षा डांबराला अनुकूल मानला जातो. पण त्यावर खाणीतील भुकटीचा थर असेल, तर डांबर दगडाऐवजी धुळीलाच चिकटते आणि हा लाभ वाया जातो.

८/ म्हणून चाचण्यांची पहिली पिढी रसायनाची होती. १९३० च्या दशकात जर्मनीत रीडेल आणि वेबर यांनी एक पद्धत मांडली. डांबर फासलेली बारीक खडी आधी साध्या पाण्यात उकळायची, मग सोडियम कार्बोनेटच्या वाढत्या तीव्रतेच्या द्रावणांत. कितव्या द्रावणाला डांबर सुटले, त्यावरून दगड-डांबराच्या जोडीला गुण द्यायचे. अमेरिकेत प्रेव्हो हबर्ड यांनी १९३८ मध्ये याच विषयावर, म्हणजे पाण्याच्या सान्निध्यात डांबर दगडाला कितपत चिकटून राहते यावर, निबंध सादर केला.

९/ या चाचण्या स्वस्त, झटपट आणि आजही उपयोगी आहेत. पण त्यांत दोन उणिवा होत्या. निकाल डोळ्यांनी लावायचा: खड्याचा किती भाग उघडा पडला, दहा टक्के की वीस? दोन तपासनीस एकाच भांड्यात पाहून दोन आकडे सांगत. आणि दुसरे म्हणजे, सुटी खडी तपासली जाई, रस्ता नव्हे. रस्त्यात खडी दाबून बसवलेली असते, तिच्यावर गाड्यांचा भार असतो. त्यातले काहीच त्या भांड्यात नव्हते.

१०/ दुसऱ्या पिढीने डोळ्यांऐवजी यंत्राला कौल लावला. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘इमर्शन-कॉम्प्रेशन’ चाचणी आकाराला आली आणि १९४९ मध्ये एएसटीएमच्या मानकांत दाखल झाली. डांबरी मिश्रणाचे दंडगोल करायचे. काही कोरडे ठेवायचे, काही ४९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार दिवस बुडवायचे. मग दोन्ही दाबून फोडायचे. भिजलेल्याची ताकद भागिले कोरड्याची ताकद. एकच आकडा, वाद नाही.

११/ निदान वाद नसावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही नमुने फोडल्यावर आत डांबर सुटलेले उघड दिसे, तरी आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ येई! कारण असे की दाबाखाली खडे एकमेकांवर टेकतात. डांबराची पकड सुटली तरी खड्यांचा ढीग भार पेलतो. शिवाय पोकळ्यांत कोंडलेले पाणीही थोडा भार उचलते. चाचणी नेमकी जी पकड मोजायला निघाली होती, तिलाच ती पुरेशी संवेदनशील नव्हती. पकड मोजायची तर नमुना दाबून नव्हे, ताणून पाहायला हवा होता.

१२/ आता कथानक अनपेक्षितपणे ब्राझीलमध्ये जाते. १९४० च्या दशकाच्या आरंभी रिओ दि जानेरोत एक प्रशस्त राजमार्ग काढला जात होता आणि त्याच्या वाटेत सेंट पीटरचे एक जुने चर्च येत होते. ते न पाडता काँक्रीटच्या रुळांवरून सरकवावे अशी कल्पना निघाली. रूळ तपासण्याचे काम फर्नांडो लोबो कार्नेरो या तरुण अभियंत्याकडे आले. त्याच्या लक्षात आले की रूळ आडवा ठेवून वरून दाबला, तर तो चिरडत नाही, मधोमध उभा दुभंगतो. म्हणजे वरून दिलेला दाब आत ताण होऊन उमटतो.

१३/ चर्च वाचले नाही, ते पाडण्यात आले. पण १९४३ मध्ये मांडलेली ती चाचणी ‘ब्राझिलियन टेस्ट’ म्हणून जगभर गेली. (जपानमध्ये अकाझावा यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली होती.) ठिसूळ पदार्थाला ताणण्यासाठी त्याची टोके चिमट्यात धरावी लागत नाहीत, साधे दाबयंत्र पुरते, हा तिचा मोठा गुण. डांबराच्या अभ्यासकांना नेमके हेच हवे होते.

१४/ १९७० च्या दशकात आयडाहो विद्यापीठातील रॉबर्ट लॉटमन यांनी ते उचलले. त्यांच्या संशोधनाचा पहिला अहवाल १९७८ मध्ये, प्रत्यक्ष रस्त्यांवर पडताळणी केलेला दुसरा १९८२ मध्ये आला. पाणी हे केवळ रसायन नव्हे, ते पोकळीतला दाब आहे, असा लॉटमन यांच्या मांडणीचा गाभा आहे. ट्रकचे चाक ओल्या रस्त्यावरून जाते तेव्हा पोकळ्यांतले पाणी क्षणभर कोंडते, डांबराच्या पापुद्र्यावर आतून रेटा देते; चाक पुढे गेले की ते मागे ओढले जाते. दिवसाकाठी हजारो वेळा.

१५/ हे प्रयोगशाळेत घडवायचे कसे? लॉटमन यांनी नमुन्यांचे तीन गट केले. पहिला कोरडा. दुसऱ्यात निर्वात पंपाने पोकळ्यांतली हवा काढून तिथे पाणी भरले. तिसऱ्यात पाणी भरल्यावर नमुना उणे १८ अंशांवर १५ तास गोठवला आणि नंतर ६० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवला. मग सगळे नमुने कार्नेरोच्या पद्धतीने आडवे ठेवून दुभंगवले. दुसरा गट रस्त्याच्या पहिल्या चार वर्षांचे आणि तिसरा चौथ्या ते बाराव्या वर्षाचे चित्र दाखवतो, असा त्यांचा दावा होता.

१६/ बारा वर्षांचे पाऊस आणि वाहतूक काही दिवसांत! दावा धाडसी होता, पण वेळही तशीच होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे ८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक राज्यांत डांबर सुटण्याच्या तक्रारी एकाएकी वाढल्या. कुणी १९७३ च्या तेलसंकटाकडे बोट दाखवी: कच्चे तेल वेगळ्या ठिकाणांहून येऊ लागले, म्हणून डांबर बदलले. कुणी नव्या ड्रम मिक्सर संयंत्रांना दोष देई, कारण त्यांत खडी पुरेशी सुकत नाही असा संशय होता. कुणी जड ट्रक आणि टायरमधला वाढता दाब हे कारण सांगे. एकमत झाले नाही. एकच गुन्हेगार शोधण्याचा तो हट्टच चुकीचा असावा.

१७/ १९८४ मध्ये टनिक्लिफ आणि रूट या जोडीने लॉटमन यांच्या पद्धतीवर नेमका आक्षेप घेतला. निर्वात पंपाने नमुना पाण्याने तुडुंब भरला, तर ते पाणीच नमुन्याला आतून फाडते. मग मिश्रण वाईट की चाचणी निर्दय, हे कळणार कसे? त्यांनी पोकळ्यांपैकी ५५ ते ८० टक्केच भाग पाण्याने भरावा अशी मर्यादा घातली आणि गोठवणे वगळले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमेरिकेतील राज्यांच्या महामार्ग खात्यांच्या संघटनेने, म्हणजे आश्टोने, दोन्ही पद्धतींची सांगड घालून ‘टी २८३’ ही चाचणी स्वीकारली. पाण्याची मर्यादा टनिक्लिफ-रूटची, गोठवणे लॉटमनचे.

१८/ पुढे भिजलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के हवी असा दंडक रूढ होत गेला. या आकड्यावर कंत्राटे मंजूर-नामंजूर होऊ लागली. आकडा कमी आला तर मिश्रणात विरी गेलेला चुना किंवा डांबराची पकड वाढवणारी द्रव रसायने घालायची. चुना सहसा खडीच्या एक टक्का वजनाचा, पण त्यातील कॅल्शियममुळे सिलिकायुक्त दगडाचा पृष्ठभागच डांबराला अनुकूल होतो. जॉर्जियासारख्या राज्याने तर चुना जवळजवळ सक्तीचा केला. लेप टिकावा म्हणून चुन्याकडे वळणे हे आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना नवे वाटले नसते.

१९/ पण चाचणी खरे सांगत होती का? १९८८ मध्ये किगुंडू आणि रॉबर्ट्स यांनी तोवरचे निकाल आणि रस्त्यांची प्रत्यक्ष अवस्था ताडून पाहिली. जुन्या इमर्शन-कॉम्प्रेशनचे भाकीत निम्म्याच्या आसपासच बरोबर ठरत होते. याहून नाणेफेक स्वस्त पडली असती. सुधारित लॉटमन पद्धत, ८० टक्क्यांचा दंडक लावला तर, साधारण तीन-चतुर्थांश वेळा खरी ठरे. उपलब्ध चाचण्यांत ती उजवी होती यात शंका नाही; पण चारातला एक निकाल चुकणारी चाचणी कंत्राटदाराला किंवा खात्याला अंतिम न्यायाधीश म्हणून किती भावेल?

२०/ या टप्प्यावर एका भारतीय नावाची नोंद घ्यायला हवी. पृथ्वी कंधल हे मूळचे भारतीय अभियंते. पेनसिल्व्हेनियाच्या परिवहन खात्यात दीर्घ सेवा करून ते अलाबामातील ऑबर्न येथील राष्ट्रीय डांबर संशोधन केंद्रात गेले. उखडलेल्या रस्त्यांचे त्यांनी केलेले शवविच्छेदन आजही वाचण्याजोगे आहे.

२१/ त्यांचा एक मुद्दा वरवर क्षुल्लक, पण मुळाशी जाणारा. रस्त्याचा नमुना काढताना कोअर कापणारे यंत्र थंड ठेवण्यासाठी पाणी सोडतात. मग त्या नमुन्यात मुळात किती पाणी होते, हे कसे कळणार? पुरावा गोळा करतानाच पुरावा बिघडतो. कंधल यांनी कोरड्या पद्धतीने, गरज पडल्यास जॅकहॅमरने, नमुने काढण्याचा आग्रह धरला. तसे पाहिल्यावर दिसले की अनेक ठिकाणी पाणी वरून पडलेल्या पावसाचे नव्हतेच. ते खालून, निचरा न होणाऱ्या थरांतून वर येत होते. दोष मिश्रणाचा कमी आणि पाण्याला वाट न देणाऱ्या रचनेचा अधिक होता. तशा रस्त्यावर प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले मिश्रणही मार खाते.

२२/ त्याच सुमारास ओरेगन राज्य विद्यापीठात टेरेल आणि अल-स्वाइल्मी यांनी पोकळ्यांचे कोडे उलगडले. पोकळ्या फार कमी असतील तर पाणी आत शिरत नाही. फार जास्त असतील तर शिरते, पण तितक्याच सहज वाहून जाते. मधल्या पट्ट्यात पाणी शिरते आणि अडकून पडते. ‘ऑप्टिमम’च्या उलट या पट्ट्याला त्यांनी ‘पेसिमम’ म्हटले. गंमत अशी की मिश्रणाची आखणी सुमारे ४ टक्के पोकळ्या धरून होते आणि रोलर फिरल्यावर रस्त्यात त्या ७-८ टक्के राहतात. म्हणजे नवा रस्ता आपसूकच या वाईट पट्ट्याच्या उंबरठ्यावर जन्माला येतो. रोलरच्या दोन फेऱ्या कमी पडल्या की तो आत.

२३/ चाकाचा मार मात्र अजूनही चाचणीत नव्हता. तो जर्मनीतून आला. १९७० च्या दशकात हॅम्बुर्गमध्ये विकसित झालेल्या यंत्रात डांबरी लाद्या ५० अंशांच्या पाण्यात बुडवून त्यांवरून ४७ मिलिमीटर रुंदीचे पोलादी चाक मागेपुढे फिरवतात. मुळात हे यंत्र चाकोरी किती खोल पडते हे मोजण्यासाठी होते आणि साडेनऊ हजार फेऱ्यांवर थांबवले जाई. फेऱ्या दुपटीने वाढवल्यावर एक नवी गोष्ट दिसली: काही मिश्रणे दहा हजारांपर्यंत निमूटपणे टिकत आणि मग अचानक ढासळू लागत. आलेखात जिथे रेषा वळते, तिथे डांबर खडीला सोडू लागलेले असते. १९९० मध्ये युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर गेलेल्या अमेरिकी तज्ज्ञांनी हे यंत्र पाहिले आणि कोलोरॅडोसारख्या राज्यांनी ते लवकरच आपलेसे केले.

२४/ भारतात रस्त्यांचा संघटित विचार सुरू होण्याचे श्रेय ज्या समितीला जाते, तिचे अध्यक्ष मराठी होते: बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२७ च्या जयकर समितीच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. डांबर सुटण्याच्या चाचणीला भारतीय मानक मात्र १९७१ मध्ये मिळाले: आयएस ६२४१.

२५/ ही चाचणी पहिल्या पिढीची आहे. दोनशे ग्रॅम खडी, तिच्या पाच टक्के वजनाचे डांबर, काचेचे भांडे, ४० अंशांचे पाणी, २४ तास. मग वरून पाहून किती भाग उघडा पडला ते सांगायचे. जिल्ह्याच्या ठिकाणची साधी प्रयोगशाळाही हे करू शकते, आणि म्हणूनच ती टिकली. चाचण्यांच्या इतिहासात अचूकतेपेक्षा सोय वारंवार जिंकलेली दिसते. त्यात भारताचा अपवाद नाही, अमेरिकेचाही नाही.

२६/ केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलात आज दोन्ही पिढ्या शेजारी नांदतात. डोळ्यांनी पाहून किमान ९५ टक्के लेप शिल्लक हवा. आणि आश्टोच्या टी २८३ नुसार किमान ८० टक्के ताकद. त्यामुळे ज्या कोकणात पाणी कधी गोठत नाही, तिथल्या रस्त्याचे मिश्रणही आयडाहोच्या पद्धतीने उणे १८ अंशांवर गोठवून पाहण्याची वेळ येते. हे वरकरणी हास्यास्पद वाटते, पण पूर्णतः नाही. गोठताना पाणी प्रसरण पावते आणि पोकळीत रेटा देते. येथे थंडी म्हणजे हवामानाची नक्कल कमी आणि त्या रेट्याचे साधन अधिक. मात्र तो रेटा आषाढातल्या सलग पावसात ट्रकच्या चाकांनी दिलेल्या रेट्याइतकाच आहे, हे टी २८३ सिद्ध करत नाही.

२७/ ८० पेक्षा आकडा कमी आला तर पकड वाढवणारे रसायन वापरा, अशी सूचना त्याच तपशिलात जोडलेली आहे. म्हणजे उपाय पुन्हा मिश्रणातच. कंधल यांनी जॅकहॅमरने उकरून दाखवलेला निचऱ्याचा प्रश्न तपशिलाच्या दुसऱ्या प्रकरणात, दुसऱ्या दरपत्रकात आणि पुष्कळदा दुसऱ्या कंत्राटात असतो. रस्ता उखडल्यावर कडेची स्वच्छ खडी तपासायला प्रयोगशाळेत जाते. तुंबलेले गटार जागेवरच राहते.